शोकांतिकेचा पूर्वरंग
(एकच प्याला, नटसम्राट व वाडा चिरेबंदी या नाटकांच्या आधारे)

बी. ए. द्वितीय वर्ष

नाटकाचा शेवट सर्वांच्या लक्षात राहतो, आरंभ मात्र फार थोड्यांच्या. 'एकच प्याला' म्हटले की सिंधूचा करुण अंत डोळ्यांपुढे उभा राहतो. 'नटसम्राट' म्हटले की घरादाराला पारखे झालेले, रस्त्यावर आलेले अप्पासाहेब बेलवलकर आठवतात. परंतु या नाटकांचा पडदा प्रथम वर जातो तेव्हा रंगमंचावर काय चाललेले असते, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी पुष्कळांना क्षणभर थांबावे लागेल. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकाही याला अपवाद नाहीत. कथानक सांगा, नायकाचे स्वभावचित्र रेखाटा, शेवटाचे औचित्य स्पष्ट करा, असे प्रश्न येतात. त्यामुळे आम्ही विद्यार्थी पहिला प्रवेश घाईघाईने ओलांडून पुढे जातो, आणि गाईडातील सारांश तर पहिला प्रवेश एका ओळीत आटोपतो.

वास्तविक शोकांतिकेचे मर्म पाहावयाचे असेल तर ते आरंभात पाहावे, असे मला वाटते. आरंभ म्हणजे केवळ पात्रांची नावे, नाती व गाव सांगून मोकळे होण्याची जागा नव्हे. ज्या क्षणी सारे काही अजून टळू शकत होते, तो क्षण नाटककार तेथे आपल्याला दाखवीत असतो. नायकाच्या हाती काय आहे, त्याला सावरणारे कोण आहे, आणि त्यांपैकी काय निसटू लागले आहे, हे तो आरंभीच मांडतो. नाटकाचा विषय तो असा मांडतो. पात्राच्या तोंडून तो वदवून घेण्याची त्याला गरज पडत नाही.

येथे 'आरंभ' हा शब्द मी थोड्या व्यापक अर्थाने वापरीत आहे. पडदा उघडल्यापासून नायकाचे पहिले चुकीचे पाऊल पडेपर्यंतचा सारा भाग म्हणजे आरंभ, असे या लेखापुरते धरावे.

आपल्याकडील पूर्वरंग

कोणत्याही खेळाच्या आधी प्रेक्षकाचे मन तयार करावे ही कल्पना आपल्याला नवी नाही. संस्कृत नाटकात नांदी होई, सूत्रधार येई, प्रस्तावना होई, आणि मग मुख्य नाटकाला सुरुवात होई. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन त्यातील विचार उलगडतात आणि उत्तररंगात त्याच विचाराला धरून आख्यान सांगतात. तमाशातही गण, गौळण, बतावणी झाल्यावरच वग उभा राहतो. खेड्यातील ज्या माणसाने आयुष्यात नाट्यगृहाची पायरी चढलेली नाही, त्यालाही गणापूर्वी वग सुरू होत नाही हे पक्के ठाऊक असते.

परंतु या साऱ्या पूर्वरंगांत आणि शोकांतिकेच्या आरंभात एक मोठा फरक आहे. कीर्तनाचा पूर्वरंग सिद्धान्त सांगतो आणि श्रोत्याला निश्चिंत करतो. देवाने भक्ताची लाज राखली, हे पुढे येणारच असते. शोकांतिकेच्या पूर्वरंगात असे आश्वासन नसते. तो श्रोत्याला अस्वस्थ करतो.

संस्कृत नाटकाची सर्वसाधारण प्रवृत्ती शेवट गोड करण्याची. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये, असाही संकेत होता. याला ठळक अपवाद म्हणजे भासाचे 'ऊरुभंग'. भासाची म्हणून ओळखली जाणारी नाटके टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रम येथून प्रसिद्ध केली, आणि त्यांतील हे एक. यात मांडी भंगलेला दुर्योधन प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतो. या नाटकाचा आरंभ पाहण्यासारखा आहे. सूत्रधार गेल्यावर पहिल्यांदा दुर्योधन येत नाही, भीम येत नाही, श्रीकृष्णही येत नाही. तीन साधे सैनिक येतात आणि प्रेतांनी भरलेल्या रणभूमीचे व नंतर गदायुद्धाचे वर्णन करतात. म्हणजे राजाच्या मरणापूर्वी आपल्याला अनाम शिपायांची मरणे दिसतात. हे वैर किती जणांना महाग पडले आहे, हा विषय नायक रंगमंचावर येण्यापूर्वीच मांडून झालेला असतो. पुढे मरणाच्या दारात दुर्योधन वैर सोडण्याची भाषा करतो, तिला वजन येते ते या आरंभामुळे.

पाश्चात्त्य शोकांतिकेतील काही आरंभ

मराठीत शोकांतिका रुजली ती मुख्यत्वे इंग्रजी शिक्षणानंतर. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ चे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' १८८३ मध्ये केले आणि देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' १८९० मध्ये. तेव्हा शेक्सपिअरच्या आरंभांकडे ओझरती नजर टाकणे अस्थानी होणार नाही.

'हॅम्लेट'च्या आरंभी मध्यरात्रीचा पहारा बदलत असतो. रीतीप्रमाणे पहाऱ्यावर उभा असलेल्या शिपायाने येणाऱ्याला हटकावयाचे. येथे नवा येणाराच उभ्या असलेल्याला हटकतो. एवढ्याशा उलट्या गोष्टीने त्या राज्यात कोणाचा कोणावर विश्वास उरलेला नाही हे कळून जाते. 'ऑथेल्लो'च्या पहिल्या प्रवेशात नायकाबद्दल दोन माणसे रात्री रस्त्यावर पुष्कळ वाईट बोलतात, पण त्याचे नाव एकदाही उच्चारीत नाहीत. माणूस दिसण्यापूर्वी त्याच्याविषयीचे विष कानात पडते, आणि कानात ओतलेले विष हाच तर त्या नाटकाचा विषय.

'किंग लिअर'चा आरंभ आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. राजा दरबारात येण्यापूर्वी दोन सरदार बोलत असतात, आणि त्यांच्या बोलण्यावरून राज्याच्या वाटण्या आधीच ठरलेल्या आहेत हे समजते. नंतर राजा येऊन मुलींना विचारतो, तुमचे माझ्यावर प्रेम किती? वाटण्या ठरून गेल्यावर हा प्रश्न कशासाठी? तर राजाला भर दरबारात कौतुकाचे शब्द ऐकावयाचे आहेत. धाकटी मुलगी तसे बोलत नाही म्हणून तिला टाकले जाते. तिची बाजू घेणारा केंट हद्दपार होतो. म्हातारपणी राजाला जी दोन माणसे सावरू शकली असती, तीच त्याने आपल्या हाताने पहिल्याच प्रवेशात दूर केली.

ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या 'राजा इडिपस'मध्येही हेच आहे. नगरात साथ पसरली आहे, प्रजा राजवाड्यासमोर गाऱ्हाणे घेऊन आली आहे, आणि राजा गुन्हेगाराला शोधून काढण्याची प्रतिज्ञा करतो. प्रजेविषयी कळकळ आणि सत्याचा छडा लावण्याचा हट्ट हे त्याचे गुण. पण गुन्हेगार तो स्वतःच आहे, आणि तो गुणच त्याला तेथपर्यंत ओढीत नेतो.

या उदाहरणांवरून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, शोकांतिकेच्या आरंभी नायकाचा घातक विशेष बहुधा गुणाच्या रूपात दाखविला जातो. दुसरी, त्याला थांबवू शकणारा माणूस आरंभीच दूर जातो किंवा दूर केला जातो. आता या दोन गोष्टी मराठी नाटकांत कशा दिसतात ते पाहू.

'एकच प्याला' : राखणदाराचे जाणे

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. त्यानंतर महिना होण्यापूर्वीच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोदे येथे गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

नाटक दारूचे आहे हे सर्वांना ठाऊक. पण नाटकाची सुरुवात दारूने होत नाही. ती होते एका निरोपाने. सुधाकराचा वडीलधारा स्नेही रामलाल विलायतेस निघाला आहे. घर सुखी आहे. सुधाकर बुद्धिमान व स्वतःच्या हिमतीवर वर आलेला वकील आहे, सिंधूसारखी पत्नी आहे. रामलालच्या जाण्याने घर हुरहुरते, एवढेच काय ते दुःख. वरवर वाचणाऱ्याला हा प्रवेश बिनमहत्त्वाचा वाटतो. मलाही तो पहिल्या वाचनात ओळख करून देण्यापुरताच वाटला होता.

त्याचे महत्त्व मला एका अगदी अनपेक्षित ठिकाणी कळले. दिवाळीच्या सुट्टीत गावी कापूस वेचताना मी माझ्या आईला या नाटकाची गोष्ट सांगितली. आईला अक्षरओळख नाही, नाटक तिने पाहिलेले नाही. पण दारूने बसलेली घरे तिने पुष्कळ पाहिली आहेत, आमच्या गल्लीतच तशी आहेत. कोर्टात मुन्सफाशी खटका उडून सुधाकराची सनद सहा महिन्यांकरिता गेली, अपमानाने तो पेटला, आणि त्याचा कारकून तळीराम याने त्याच्या हाती पहिला पेला दिला, इथवर मी आले तेव्हा तिचे हात थांबले. ती म्हणाली, "मंग तेव्हा त्याचा तो दोस्त कुठं गेलता?"

मी म्हटले, "विलायतेला." आणि म्हणतानाच पहिला प्रवेश तेथे का आहे, हे माझ्या ध्यानात आले.

सुधाकर मानी आहे. मान हा त्याचा दोष म्हणून आपल्यासमोर येत नाही. गरिबीतून वर आलेल्या माणसाचे ते बळ आहे, आणि आमच्यासारख्यांना तर ते पटकन ओळखू येते. ज्याने सारे स्वतः मिळविले, त्याला चारचौघांत झालेला अपमान इतरांहून अधिक झोंबतो. सहा महिने सनद नसणे म्हणजे काही सर्वनाश नव्हे, सहा महिने सरतात. परंतु हे त्याला त्या दिवशी समजावून सांगेल असे अधिकाराचे माणूस जवळ हवे होते, आणि ते नाटकाच्या आरंभीच दूर गेलेले आहे. रामलालची जागा रिकामी झाली नसती तर तळीरामाला तेथे बसता आले नसते. सिंधू होती, पण ज्या काळात आणि ज्या संस्कारात ती वाढली होती, त्यात पतीला प्रेम देण्याची मुभा तिला होती, पतीला अडविण्याची नव्हती. याही मर्यादेची चाहूल आरंभापासून लागते.

म्हणून मला असे म्हणावेसे वाटते की, 'एकच प्याला'चा विषय दारू हा खरा, पण त्याच्याही पोटात आणखी एक विषय आहे. मानी माणसाच्या एकटेपणाचा तो विषय आहे. आरंभ या दुसऱ्या विषयाची ओळख करून देतो. शेवटच्या अंकात बाळ गेलेले, सिंधू गेलेली, आणि विष कालवलेला अखेरचा पेला घेणारा सुधाकर आपण पाहतो. त्या वेळी रामलाल परत आलेला असतो, पण त्याच्या हातून आता काही होण्यासारखे नसते. जो आरंभी असावयास हवा होता तो शेवटी आहे, ही या नाटकातील सर्वांत करुण गोष्ट होय.

'नटसम्राट' : टाळ्या संपल्यानंतर

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे आणि अप्पासाहेबांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंची. या नाटकास १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'किंग लिअर'शी त्याचे नाते सर्वश्रुत आहे, पण आरंभ मात्र शिरवाडकरांचा स्वतःचा आहे.

लिअर दरबारात भेटतो, अप्पासाहेब सत्कार समारंभात भेटतात. निवृत्त होणारा थोर नट आपल्या सत्काराला उत्तर देतो आहे, आणि ते उत्तर समोर बसलेल्या आपल्यालाच उद्देशून आहे. नाट्यगृहातील खरा प्रेक्षक हाच त्या सत्काराचा श्रोतृवृंद ठरतो. आपणही नकळत त्या समारंभात सामील होतो आणि टाळ्या वाजवितो. नंतर समारंभ संपतो, अप्पासाहेब घरी येतात, आणि आपली सारी मिळकत मुलाला व मुलीला वाटून टाकतात.

हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवण्यात नाटककाराचा हेतू आहे. पहिल्या प्रसंगातील दिलदार, भरभरून बोलणारा, टाळी घेणारा नट दुसऱ्या प्रसंगातही तोच आहे, फक्त आता तो स्वतःच्या दिवाणखान्यात आहे. दान देतानाही तो एक भव्य भूमिका वठवितो आहे. रंगमंचावर राज्य देऊन टाकले तरी दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात ते परत मिळते, घरात दिलेले परत मिळत नाही, हा साधा हिशेब त्याच्या मनात येत नाही. औदार्य हा त्याचा गुण, आणि घर व रंगमंच यांतील सीमारेषा पुसली जाणे हा त्याच गुणाचा घातक भाग. दोन्ही गोष्टी आरंभीच एकत्र दिसतात.

मग येथे राखणदार कोण? पत्नी कावेरी आहे, तिला ते प्रेमाने व आदराने 'सरकार' म्हणतात. पण या सरकारचा अंमल त्या दिवशी चालत नाही. दुसरा राखणदार म्हणजे प्रेक्षक. ज्या प्रेक्षकांनी या माणसाला आयुष्यभर उचलून धरले, ते सत्कार करून आपापल्या घरी निघून गेले. ते म्हणजे आपणच. 'एकच प्याला'त मित्र विलायतेला जातो, येथे रसिक घरी जातात. नाटकाच्या शेवटी अप्पासाहेबांच्या दुःखाने आपण रडतो, तेव्हा पहिल्या प्रवेशातील टाळ्या आठवल्या तर ते रडणे थोडे अवघड होते. ज्येष्ठ कलावंताचा सत्कार करणारा समाज दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी काय करतो, हा प्रश्न आरंभाने आपल्या पदरात टाकलेला असतो.

ताट द्यावे पण बसावयाचा पाट देऊ नये, ही म्हण आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असते. आमच्या आजोबांनाही ती पाठ होती. तरीही त्यांनी जमीन हयातीतच मुलांच्या नावे केली, आणि पुढे स्वतःच्याच बांधावर त्यांना विचारून जावे लागले. म्हण माहीत असल्याने माणूस सुटत नाही. तेव्हा अप्पासाहेबांना अडाणी किंवा भोळे म्हणून सोडून देता येत नाही. मुलांना आपल्या हाताने देण्याचा आनंद ज्याला मोह घालीत नाही असा बाप विरळा, आणि म्हणूनच हा आरंभ कोणत्याही थरातील प्रेक्षकाला जाऊन भिडतो.

'वाडा चिरेबंदी' : आधीच बंद झालेले दार

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' ही नाटके मिळून त्याची नाट्यत्रयी झाली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ती तिन्ही सलग सादर केली. आपल्या शहराला या गोष्टीचा अभिमान वाटावा, कारण चंद्रकांत कुलकर्णी हे येथील, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून पुढे गेलेले दिग्दर्शक.

या नाटकाचा आरंभ वरील दोन्ही नाटकांहून वेगळा आहे. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात कर्ते पुरुष तात्याजी नुकतेच वारले आहेत. मुंबईचा मुलगा सुधीर याची वाट पाहिली जात आहे. नाव 'चिरेबंदी', पण वाडा आतून खचत चाललेला. दारात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तो चालत नाही, आणि कोणी तो हलवितही नाही. शेतीचे नवे युग दारापर्यंत आले आणि तेथेच अडकून राहिले, हे सांगण्यासाठी नाटककाराला एकही वाक्य खर्चावे लागत नाही. डोळ्यांना दिसणारी वस्तूच विषय मांडते.

येथे घराचा आधार पडदा उघडण्यापूर्वीच गेला आहे, असे प्रथम वाटते. परंतु हळूहळू लक्षात येते की तो आधार म्हणजेच एक बंद दारही होते. घरातील हुशार मुलगी प्रभा हिला शिकावयाचे होते, आणि तिला शिकू दिले गेले नाही. ज्या प्रतिष्ठेने वाडा उभा राहिला, त्याच प्रतिष्ठेने आतल्या माणसांची आयुष्ये कोंडली. तात्याजींच्या दिवसकार्याला गावजेवण घालावयाचे की नाही, या वादात तीच प्रतिष्ठा पुन्हा पुढे येते. ऐपत नसतानाही मान राखण्याचा हट्ट सुटत नाही. म्हणजे बाप गेला तरी त्याचा वाडा मुलांच्या मनात उभाच आहे.

प्रभाचा भाग वाचताना मला तटस्थ राहणे कठीण जाते, हे येथे नमूद करते. आमच्या घरात वाडा नाही, दोन खोल्यांचे पत्र्याचे घर आहे, आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आमच्याकडे वेगळ्या रूपात येतो. पण माझ्या आत्याची शाळा सातवीत सुटली ती 'आता बस झालं' या तीनच शब्दांनी, आणि ते शब्द कोणी रागाने उच्चारले नव्हते. माझ्या बाबतीत ते शब्द कोणी उच्चारले नाहीत. एवढ्या फरकावर मी आज हा लेख लिहीत आहे. शोकांतिकेचा आरंभ असा साध्या शब्दांत, कोणाच्या लक्षातही न येता होऊन जातो, हे मला 'वाडा चिरेबंदी'ने दाखविले.

एक आक्षेप

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, शोकांतिकेत सारे आधीच ठरलेले असते, मग आरंभी 'टळू शकत होते' असे म्हणण्यात काय अर्थ? 'रोमिओ आणि ज्युलिएट'च्या आरंभीच्या निवेदनात तर प्रेमिकांचा मृत्यू सांगूनच टाकलेला आहे. इडिपसचे भविष्य जन्मापूर्वीच वर्तविलेले आहे. महाभारत ऐकलेल्या प्रत्येकाला दुर्योधनाचे काय होणार हे ठाऊक आहे.

आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. पण शेवट ठाऊक असणे आणि शेवट अटळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. शेवट ठाऊक असला की 'पुढे काय होणार' ही उत्सुकता संपते आणि 'हे कसे घडत गेले' हा प्रश्न उरतो. शोकांतिकेला हा दुसरा प्रश्नच हवा असतो. प्रेक्षकाला शेवट ठाऊक आणि नायकाला नाही, या अंतरामुळेच पहिल्या प्रवेशातील प्रत्येक साध्या वाक्याला धार येते. निरोप घेणारा रामलाल, टाळ्या घेणारे अप्पासाहेब, प्रतिज्ञा करणारा इडिपस यांना पाहून दुसऱ्यांदा नाटक पाहणाऱ्याला ओरडून सांगावेसे वाटते, थांबा! हे 'थांबा' मनात उमटणे म्हणजेच अजून थांबता येण्यासारखे होते, याची खूण नव्हे काय?

आमच्याकडे एखादे घर बसले की लोक म्हणतात, नशीब. दारूने माणूस गेला, नशीब. म्हाताऱ्याला मुलांनी टाकले, नशीब. मुलीची शाळा सुटली, तेही नशीबच. हा शब्द सांत्वनासाठी ठीक आहे, पण तो पहिला प्रवेश पुसून टाकतो. शेवटाकडेच पाहिले तर सारे नशिबाचे वाटते. आरंभाकडे पाहिले तर कोणी काय केले, कोण निघून गेले आणि कोण गप्प राहिले, हे दिसू लागते. माझ्या आईने कापसाच्या शेतात विचारलेला प्रश्न नशीब मानणाऱ्या माणसाचा नव्हता.

समारोप

सारांश, शोकांतिकेचा आरंभ तीन कामे करतो. नायकाचे बळ दाखवून त्यातच त्याचा नाश कोठे दडला आहे हे सुचवितो. त्याला सावरू शकणारे माणूस कसे दूर होते ते दाखवितो. आणि एखादा निरोप, एखादा सत्कार, एखादा गंजलेला ट्रॅक्टर अशा साध्या गोष्टीत नाटकाचा विषय ठेवून देतो, ज्याचा अर्थ शेवटी पालटून समोर येतो. तिन्ही कामे सर्वच नाटकांत सारख्या प्रमाणात आढळतील असे नाही. 'वाडा चिरेबंदी'त दुसरे काम निराळ्या रीतीने होते, हे आपण पाहिलेच. अभ्यासाचा नियम नाटकावर लादू नये, नाटकावरून नियम दुरुस्त करावा, असे आमच्या वर्गात आम्हांला शिकविले गेले आहे आणि ते योग्यच आहे.

माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना माझी एवढीच सूचना आहे की, अभ्यासक्रमातील नाटक संपविल्यावर पुस्तक मिटू नये. पुन्हा पहिल्या पानावर यावे आणि पहिला प्रवेश शेवट ठाऊक असलेल्या डोळ्यांनी वाचावा. संत एकनाथ रंगमंदिरात किंवा तापडिया नाट्यमंदिरात नाटक पाहावयाचे असेल तर तिसऱ्या घंटेपूर्वी जागेवर बसावे. उशिरा येऊन अंधारात खुर्ची चाचपडणाऱ्याचे पहिले पाच मिनिटांचे नाटक बुडते, आणि रामलाल नेमका तेवढ्यातच निघून जातो.